आपल्या विहिरीवर वीज आली

अमडापूर,
१२ डिसेंबर १९६४

प्रिय कोकिळा,

अनेक आशीर्वाद. चिखलीच्या बाजारात तुझा दादा रंगराव भेटला. तू बालवाडीत रमलीस, पोरं तुझा पदर सोडत नाहीत, हे ऐकून बरं वाटलं. आणखीही एक गोष्ट त्यानं कानावर घातली, पण तिच्याकडे मागून येतो. आधी घरची बातमी ऐक. आपल्या विहिरीवर विजेची मोटार बसली. हे वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे कोण उभं राहिलं असेल ते मला ठाऊक आहे. माझ्याही डोळ्यांपुढे तोच उभा होता.

गावात विजेसाठी सगळ्यात आधी धडपडला तो आपला सहदेवच. तापानं अंथरूण धरलं त्याच्या थोडेच दिवस आधीपर्यंत तो सायकल घेऊन पंचायत समितीत खेटे घालत होता. मोटार घेणाऱ्याला सरकार सवलत देतं, खांब आणि तारा वीज मंडळ आणून देतं, फक्त शिवारातल्या पुरेशा विहिरी तयार व्हायला हव्यात, हे तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावायचा. तू चहा देता देता म्हणायचीस, ‘मले त तोंडपाठ झालं आता.’ त्यावर तो किती हसायचा!

तो गेला आणि त्याच्या आईनं विहिरीवरचं काही बदलू दिलं नाही. पहाटे मोट हाकताना तो गायचा ते घरापर्यंत ऐकू यायचं. तिच्या लेखी तो अजून तिथंच होता. मोट, नाडा, बैल, सगळं त्यानं ठेवलं तसंच राहिलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. इकडे शेजारच्या सगळ्यांनी होकार दिला होता. एक विहीर कमी पडत होती, ती आपली. आपल्यामुळे सगळ्यांचा गहू तहानलेला राहिला, तरी तिला टाकून बोललं नाही कुणी. गावाचं हे देणं मी विसरणार नाही.

दिवाळीनंतर समितीचे विस्तार अधिकारी घरी आले. बोलायला गोड माणूस. म्हणाले, अमेरिकेतसुद्धा सरकारनं पुढे होऊन भार उचलला तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या दारी वीज गेली. विलायतेत तर घरोघर दूध पोचवायच्या गाड्या विजेवर चालतात. आपला शेजारी कडूबा तिथंच बसला होता. त्यानं विचारलं, ‘बैल नाई, घोडा नाई, मंग थे गाडी खाते काय सायेब?’ सगळे हसले. तेवढ्यात तुझी सासू दाराआडून बोलली, ‘सायेब, त्या मोटारीतून माह्या पोराचा आवाज येईन काय?’

साहेब पाणी प्यायले आणि उठले. सवलत या हंगामापुरतीच होती, पण तेही त्यांनी तिच्यासमोर काढलं नाही. अंगणाबाहेर आल्यावर मला हळूच सांगितलं.

मी मोट हाकत राहिलो. आपला पाखऱ्या बैल आता थकला आहे, तू पाहिलास त्याहून कितीतरी. एका सकाळी तुझी सासू भाकर घेऊन मळ्यात आली आणि तिच्यासमोरच भरली मोट ओढताना बैलांच्या धावेच्या उतारावर त्याचा पाय घसरला. पुढचे दोन्ही गुडघे फुटले, आणि मोटेचं ओझं त्याला मागे विहिरीकडे ओढू लागलं. कडूबा धावत आला, आम्ही दोघांनी नाड्याचा दोर धरून ठेवला. तिनं भाकरी तिथंच टाकली, चिखलात बसली आणि पाखऱ्याचं तोंड मांडीवर घेतलं. ‘उठ बापा, उठ,’ एवढंच म्हणत होती. तो उठला. मग तिनं स्वतःच्या हातानं त्याचं जू काढलं.

‘आता याले जुपू नका,’ ती मला म्हणाली. ‘सहदेवानं पाह्यलं असतं त मले बोलला असता.’ पदरानं त्याचे गुडघे पुसत ती बराच वेळ बसली. उठताना म्हणाली, ‘त्या सायेबाले हो म्हना.’

परवा मोटार सुरू झाली. तारवाल्यानं बटण तिलाच दाबायला लावलं. आधी नुसती घरघर, मग पाइपातून हवा, मग गढूळ पाणी, आणि मग स्वच्छ धार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही की रडली नाही. ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘गोडच हाय.’

त्या संध्याकाळी जेवायला वाढताना ती एकदम थांबली. म्हणाली, ‘मुक्या जनावराले मोकळं केलं आपन. कोकीले कोन करीन?’ रंगरावानं सांगितलेली गोष्ट तोवर माझ्याच पोटात होती. ती मी तेव्हा तिला सांगितली. रोहिणखेडच्या शाळेतल्या पंजाबराव मास्तरांनी तुला मागणी घातली, तुझ्याही मनात आहे, पण ‘मामाजी अन् आत्याबाईले काय वाटीन’ म्हणून आम्हा दोघांपायी तू नाही म्हणालीस. काय वाटतं ते सांगायलाच हे पत्र लिहितो आहे, पोरी. तू हो म्हण. तुझी आईही नाही, बापही नाही, तेव्हा मांडव आपल्या दारी पडेल. सहदेवाला विसर असं आम्ही म्हणणार नाही, आम्हालाही ते जमायचं नाही. पण तुझं घर पुन्हा भरलेलं पाहायचं आहे. सही करताना अडलो, तर तुझ्या सासूनं चुलीपासून विचारलं, ‘काऊन थांबले?’ मी म्हटलं, काय म्हणून सही करू? ती म्हणाली, ‘कन्यादान कोन करनार हाय? तुमीच ना? मंग बाप म्हनून लिवा.’

तुझाच,
बाबा