उचकीला घेतलेलं नाव

माधवनगर,
भर दुपारी

प्रिय भरू,

आईला पुन्हा उचकी लागली आहे. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन नीट झालं, पण ही उचकी काही जायचं नाव घेत नाही. प्रत्येक उचकीला टाके ओढतात, घास खाली उतरत नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. म्हणाले, पोटात अन्नच गेलं नाही तर जखम भरणार कशी? तिचं तोंड एवढंसं झालंय. मला फार भीती वाटते रे.

लहानपणी माझी उचकी तू घालवायचास. मागून येऊन ओरडायचास, अक्का, तूप चोरून खाल्लंस! आणि तूप खाल्लेलं असायचं तूच, लबाडा. आता मी शाळेत पोरींना शिकवते, की छातीच्या खाली स्नायूचा एक पडदा असतो, तो अवचित आकसतो, घशातली झडप खाडकन मिटते, त्याचा तो आवाज. कुणी आठवण काढली म्हणून काही होत नसतं. पोरी माना डोलावतात आणि मधल्या सुट्टीत उचकी लागली की एकमेकींना नावं विचारतात.

आईचंही तेच. चंदनबाला मावशीचं नाव घेते, माहेरच्या साऱ्यांची घेते, मी समोर बसलेली असताना माझंसुद्धा घेते. उचकी आपली चालूच. मग हळूच म्हणते, "भरू हाय व्हय?" आणि उचकी थांबते. दर वेळी. माझ्या अंगावर काटा येतो.

गेल्या श्रावणात कोरेगावहून येताना तुझी गाडी ट्रकखाली गेली, तेव्हापासून घरात तुझं नाव फक्त उचकीलाच निघतं. आप्पा चिडतात. म्हणतात, मुनीमहाराजांनी सांगितलंय, देह सुटला की जीव लगेच दुसऱ्या जन्माला जातो, तो कुठली आईची आठवण काढतोय? म्हणजे त्यांचं शास्त्र आणि माझं शास्त्र, एवढ्या एका बाबतीत दोन्हींचं पटतं. आई दोघांनाही मोजत नाही.

काल मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं, तेव्हा कळलं. बाकीची नावं ती नुसती म्हणते. तुझं नाव घेतलं, की श्वास रोखून धरते. तोंड दाराकडे, पापणीसुद्धा हलत नाही. तू ओ देशील म्हणून ती ऐकत असते. श्वास एवढा वेळ कोंडला की पडदा शांत होतो, बाकी काही नाही. डॉक्टरही श्वास रोखायलाच सांगत होते, तेव्हा तिला जमत नव्हतं. मग ती श्वास सोडते, पदर सारखा करते, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मी आत जाऊन रडून घेतलं. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आज जेवताना म्हणाली, "ब्राह्मे, त्याला लिही. म्हणावं, आईला आता सोसंना, जरा कमी आठवण काढ." पत्ता काय घालायचा ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विज्ञानाची बाई मी, मुकाट्यानं कागद घेतला. तर भरू, तिचं ऐक. टाके सुकेपर्यंत तरी. अगदीच राहवलं नाही, तर माझी काढ. मघापासून मलाही उचकी लागली आहे. कोण आठवण काढतंय, ते मी मुद्दाम विचारत नाही. नाव घेतलं तर थांबेल.

तुझीच,
अक्का