नवतपा होऊ द्या, मग मोजा

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार
डॉक्टरनं सांगितलं, कानात फरक पडला की तारीख टाकून लिहीत जा. चौथीपर्यंतच शिकली मी, पण देवळीत धान्याचं दुकान चालवते. लिहीन. वही कोणाले दाखवणार नाई.
दोन्ही कानांच्या नसेवर एकेक गाठ आहे. कॅन्सर नाई. डावा कान गेला, उजवा चालू आहे. उजवीकडची गाठ ऑगस्टात अकरा मिलिमीटर होती. पट्टी लावून पाहिलं, दुकानातल्या मोठ्या डॉलर चन्याएवढी. वाढली तर हाही कान जाईल. याच महिन्यात पुन्हा एमआरआय.
अजून एक म्हणाले. हा रोग रक्तातून येते, लेकराले असायची शक्यता निम्मी. मुलीले घेऊन या, तिच्याही गाठी असल्या तर मोजू. मी म्हणलं, आणते.
आणणार नाई. अंकिता वीस वर्षांची, वर्ध्याले कॉलेजात जाते, तिच्या कानाले काय धाड भरली? तिले सांगितलं, दुकानामागच्या डाळमिलच्या आवाजानं मले असं झालं. पटलं तिले.

१९ फेब्रुवारी
एमआरआय पुढं ढकलला. अंकिताचे बाबा चिडले. मी म्हणलं, तीस वर्षं धान्य विकून राह्यली, एवढं समजत नाई? थंडीत माल फुगलेला राहते. मे महिन्यात नवतपाचे नऊ दिवस तापू द्या, वाळू द्या, मग मोजा. ते म्हणे, गाठ डोक्यात आहे का पोत्यात? डावीकडून बोलले, म्हणून ऐकू नाई आलं असं दाखवलं.

२८ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोज अर्धा तास गच्चीवर उन्हात उजवा कान करून बसणे. दही, केळं बंद.
दुपारी
केळं खाल्लं. काळं पडून राह्यलं होतं.

१४ मार्च, धुळवड
शेजारची आनंदाबाई रंग लावायले आली. म्हणे, काऊन हो प्रमिलाबाई, तीनदा हाक मारली, बहिऱ्या झाल्या का? मी म्हणलं, तुमचाच आवाज बसला, गरम पाणी प्या. आजकाल सगळेच तोंडातल्या तोंडात बोलून राह्यले. टीव्हीवालेसुद्धा.

६ एप्रिल, रविवार
घरीच टेस्ट केली. अंकितानं ओट्यावरून हळू आवाजात दहा नावं घेतली, मी आतल्या खोलीतून ओळखली. आठ बरोबर. सगळी नातेवाइकांचीच होती, ते सोडा.
मग सहज तिचीही घेतली. ती पाठमोरी, मी बोलली. दहापैकी सहा. लक्षच नसते पोरीचं.
पुन्हा घेतली. पाच.
मोबाईलनं डोकं खराब झालं तिचं, दुसरं काही नाई.

२२ एप्रिल
अंकिता फोन आता उजव्या कानाले लावते. पहिले डाव्याले लावे. विचारलं, काऊन वं? म्हणे, सहजच. डावीकडचं कानातलं जड होत असेल. हलकं आणून दिलं.

२४ एप्रिल
अजून उजवाच. सवय झाली असेल.

२५ मे, रविवार
नवतपा लागला. चव्वेचाळीस डिग्री. अकराले गच्चीवर बसली. साडेअकराले चक्कर आली, कठडा धरून जिना उतरली. चक्कर उन्हाची, गाठीची नाई. अंकिता धरायले धावली, तर तिचाच झोक गेला, भिंतीले टेकली. सावलीतून आली होती ती. तरी उन्हाचीच.

२ जून, सोमवार
वर्ध्याले एमआरआय. अंकिता म्हणे, मी येतेच. मी म्हणलं, ये, पण बाहेर बसजो, डॉक्टरसमोर यायचं नाई.
माहं झालं, बाहेर आली. मशीनवाल्यानं पुढचं नाव पुकारलं. अंकिता गजेंद्र गंधेवार. उजव्या कानानं साफ ऐकलं. मी म्हणलं, चुकून राह्यले तुम्ही, मी प्रमिला, माहं झालं. आवाज चढवला. लोक पाहत होते. तो म्हणे, मावशी, तुमचं नाई, यांचं.
अंकिता उभी झाली होती. घड्याळ काढून माह्या हातात दिलं. म्हणे, आई, डाळमिलच्या आवाजानं गाठी होत नाई. तुझा रिपोर्ट मी ऑगस्टातच वाचला. तू सांगशील म्हणून थांबली होती.
दार लागलं. पाऊण तास बाहेर उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या.

५ जून, गुरुवार
रिपोर्ट. माही अकरा होती, अकराच आहे. वाळली नाई, वाढली नाई. डॉक्टर म्हणे, चांगलं आहे.
अंकिताच्या दोन. डावीकडे सात, उजवीकडे चार.
मी विचारलं, वाढून राह्यल्या का? डॉक्टर म्हणे, एका मापावरून कसं सांगू? फेब्रुवारीत एकदा मोजलं असतं तर आज काही सांगता आलं असतं. आता सहा महिने वाट पाहा.
येताना एसटीत शेजारी बसलो. गाडीच्या आवाजात तिले डाव्यानं ऐकू येत नाई, मले तर डावा नाईच. मी तिच्या उजवीकडे बसली की माहं तिले ऐकू येते, तिचं मले नाई. डावीकडे बसली की उलटं. दोनदा जागा बदलून पाहिली. कंडक्टर म्हणे, बाई, बसा आता एका ठिकाणी.
डावीकडे बसली. हातानं खुणावलं, तू बोल.
देवळी आली तरी ती बोलतच होती.