खापराची चव

२२ जुलै २०२५

रक्त दाट झालंय म्हणे! डोक्यातल्या ग्रंथीचं ऑपरेशन झाल्यापासून शरीर टेस्टोस्टेरॉन बनवत नाही, ते सुईतून घ्यावं लागतं. सुईच्या आधीचं वर्ष आठवतं – बाजेवर पडून आढं पाहायचं, चार ओळींची बातमी लिहिली की घाम. सुईनं उठवलं, पुन्हा वार्ताहर केलं. आज अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, त्याच सुईनं हिमोग्लोबिन एकोणीसवर गेलंय, गुठळी होऊ शकते. डोस थोडा कमी केला. एक पिशवी रक्त काढून टाका म्हणाले. उतरलं नाही तर सुई बंद.

पुन्हा ती बाज? नको.

१५ ऑगस्ट

मानोऱ्याच्या शिबिरात रक्त दिलं. औषध चालू आहे का, या रकान्यात काही लिहिलं नाही. काढून टाकायचं रक्त दान ठरलं, वर फोटो. बातमीही मीच लिहिली – कर्ता मी, कर्मही मीच. बायकोनं, दुर्गाबाईनं, ती वाचून दाखवायला लावली. ऐकता ऐकता भिंतीला टेकून बसली. पाय भरून आले म्हणे. माझ्या गद्याचा परिणाम असावा.

७ सप्टेंबर

जऊळक्यात पुन्हा. दोन वेळांत तीन महिन्यांचं अंतर लागतं. मी चार झाले म्हणून सांगितलं. वार्ताहराला खोटं कोण पाडतो! शिबिर भरवणारा उदयसिंग जुना मित्र. मी संस्कृत शिकलो म्हणून मला शास्त्रीजी म्हणतो.

"शास्त्रीजी, रगत असं काहून वाटून राह्यले? लग्नाची पत्रिका हाये काय?"

भीतीपोटी वाटतोय, हे त्याला काय सांगणार.

५ ऑक्टोबर

आसेगावात, घराजवळच शिबिर. तेही सोडलं नाही.

१९ ऑक्टोबर

आकाशकंदील लावायला शिडी चढलो तर धाप लागली. बसल्या जागी पाय वळवळतात, जणू दुसऱ्या कुणाचे उसने आणलेत. नखं पापुद्र्यासारखी निघतात. डोस कमी केल्याचा परिणाम, दुसरं काय! डॉक्टरांना वाढवून मागणार.

२४ ऑक्टोबर

लिहायला लाज वाटते. माती खावीशी वाटते.

अंगणात सडा पडला की तोंडाला पाणी सुटतं. आज चुलीचा पोपडा काढून जिभेवर ठेवला. मृत्तिकाभक्षण! पाठशाळेत हा शब्द आम्ही हसत हसत पाठ केला होता. वळून पाहतो तर दुर्गाबाई उभी. आता डोहाळ्यांवरून वर्षभर ऐकावं लागणार, असं वाटलं. ती हसली नाही. फळीवरून एक डबा काढला. आत मडक्याचं खापर, बारीक फोडून ठेवलेलं.

"चुलीची खारट लागते," म्हणाली. "हे घ्या."

खरंच चव बरी होती. दोघं उंबऱ्यात बसून खात होतो. कितीतरी दिवसांनी असं निवांत बसलो.

३ नोव्हेंबर

अकोला. डॉक्टर चिडले. एक पिशवी सांगितली होती, तुम्ही तीन देऊन आलात? हिमोग्लोबिन आता ठीक आहे. पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, सहा! सुई रक्त बनवायला लोह ओढत राहिली आणि उरलंसुरलं मी गावोगाव वाटलं. म्हणाले, दुकान भरलेलं दिसतं, गोदाम रिकामं आहे. सुई चालू राहील. रक्तदान बंद, लोहाच्या गोळ्या सुरू, महिन्यानं तपासणी.

सुटलो!

मग ते एकेक विचारत गेले. धाप लागते? पाय वळवळतात? थंडी वाजते? मी हो हो म्हणत होतो. माती, खडू, बर्फ खावासा वाटतो? – इथे मला दुर्गाबाईचा डबा आठवला.

तो डबा नवा नव्हता. झाकण हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं.

एसटीत सगळं आठवत आलो. ती घागर घेऊन येताना अर्ध्या वाटेत टेकते. भर मे महिन्यात गोधडी मागते. बसल्या बसल्या पोटऱ्या चेपते. मी तिला कुंभकर्णाची धाकटी बहीण म्हणायचो, आणि ती हसायची.

४ नोव्हेंबर

केव्हापासून खातेस, विचारलं. आधी टाळलं. मग म्हणाली, तुमच्या आपरेशनच्या आंधीपासून.

"मग बोलली का नाहीस?"

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"घरात एका टायमाले एकच जन बिमार पडू शकते. तुमी पडलेच होते."

  दुपारी वाशिमला नेलं, रक्त तपासायला दिलं. मोटारसायकलवरून उतरताना तिनं माझा खांदा धरला. हात बर्फासारखा गार.

६ नोव्हेंबर

दुर्गाबाईचं हिमोग्लोबिन पाच. आजच रक्त चढवायचं. रक्तपेढीत बदल्यात रक्तदाता मागितला. आमचा दोघांचा गट एकच. मी बाही वर केली.

"शेवटचं कधी दिलं होतं?" तिथल्या बाईंनी विचारलं.

या वेळी खरं सांगितलं. त्यांनी माझी बाही खाली ओढली.