काट कुठे मारायची

क्लाइनफेल्ड, पश्चिम टेक्सास
२० ऑक्टोबर १९५७

चि. सौ. एल्सीस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे सगळे धड आहोत, तिकडचं लिही.

मला गोल गोल लिहिता येत नाही. पाच तारखेला मतदान आहे. राज्याने कर्जरोखे काढून धरणं बांधायची की नाही, एवढाच सवाल. यंदा पाऊस पडला तर लोक लगेच विसरले. मी दुष्काळाची सात वर्षं काटे जाळून निवडुंग गुरांना चारलाय. हे पडलं तर घर विकून तुझ्या ओसरीत येऊन बसेन, मग ऐक माझी बडबड.

तुझ्या नवऱ्याला, एमसला, सांग, मतपत्रिकेवर नको असलेल्या ओळीवर काट मारायची असते. इथे मी घरोघर हेच सांगत फिरतेय.

तुझी हुल्डा

नदीकाठ, पूर्व टेक्सास
८ नोव्हेंबर

ती. अक्कास धाकटीचा नमस्कार.

एमस आठवडाभर गुरगुरत होता, की आमची खुराडी पुरात गेली आणि वर यांच्या धरणाचं कर्ज आम्हीच फेडायचं? मतदानादिवशी नदी रस्त्यावर आली. त्यानेच होडी काढून शेजाऱ्यांना शाळेत पोचवलं. परत आला आणि जेवताना म्हणाला, दिवसभर वल्हवलं ते सगळं पाणी समुद्रात चाललंय, आणि तुझी बहीण तिकडे काटे जाळत बसली होती. ‘विरोधात’वर काट मारलीय, कळव तिला. ओसरी मोकळी राहिली म्हणजे झालं, असंही म्हणाला.

तुझी एल्सी

क्लाइनफेल्ड
१८ नोव्हेंबर

चि. सौ. एल्सीस आशीर्वाद.

राज्यभर पास झालं, रेडिओवर ऐकलं. आमच्या गावात मात्र पडलं. हसू नकोस. हौसेच्या भरात लोकांनी ‘बाजूने’वरच काट मारली. आता एकेक जण कबूल करतोय, पाद्रीबाबासुद्धा. आम्हाला पाणी दिलं ते तुम्ही, पुरात बसलेल्यांनी. मी कुणाला एक शब्द बोलले नाही. तुला खरं वाटायचं नाही.

काल चर्चनंतर धरणाची जागा मोजायला आलेल्या माणसाने आम्हाला घळीत नेलं. वर कड्यावर चुन्याची रेघ ओढलीय, पाणी तिथवर येणार. मी तळाच्या वाळूत उभी. मान इतकी वर करावी लागली की टोपी पडली. एवढं पाणी मी देवाकडेही कधी मागितलं नव्हतं. यायला बरीच वर्षं लागतील म्हणे, तोवर मी असेन-नसेन. घर विकत नाही. सगळे निघाले तरी मी तशीच वर बघत उभी होते, टोपी उचलायचंही सुचलं नाही.

एमसला माझा नमस्कार सांग, हो, नमस्कारच. लोभ आटू देऊ नका.

तुझी हुल्डा