तिची करणी

दि. ४ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाचा राग अजून नाकाच्या शेंड्यावरच का? इथे वेगळंच सुरू झालंय. काल कुणीतरी खिडकीवर दगड मारला. नळावरच्या बायका मला बघून बादल्या उचलतात. सूत रंगवून माझे हात निळे असतात, ते इतकी वर्षं कुणाला खुपले नाहीत. आता म्हणे चेटकीण! घरमालक जिन्यात अंग चोरतो.

वहिनी, मला भीती वाटते. खोली गेली तर रंगाची पातेली घेऊन जाऊ कुठे? दादाकडे परतले तर तो पुन्हा स्थळापुढे बसवणार. हे कुणी उठवलं, कळेना.

लोभ आहेच, पण उत्तर लवकर टाका.

तुमची नणंद

दि. ९ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांच्या नकळत लिहितेय. तुमची खोली काढून घ्यावी, म्हणजे तुम्ही मुकाट्याने घरी याल, म्हणून हेच घरमालकाला भेटले. तावातावाने म्हणाले, की तिची करणी आम्ही भोगली, आता तुम्ही भोगा. करणी म्हणजे ह्यांच्या मनात, तुम्ही ठरलेलं लग्न मोडलंत ते. घरमालकाने ऐकलं भलतंच! तेव्हापासून तो खोली मागायलाही घाबरतो.

मी म्हटलं, जाऊन खुलासा करा. तर म्हणतात, भ्यायली की येईल. रविवारी न्यायला येतायत. लाज वाटते मला. माझी उंबरठा ओलांडायची छाती नाही, पण तुम्ही येऊ नका. काही झालं तरी येऊ नका.

चिडलात तरी लोभ असू द्या.

वहिनी

दि. १५ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चिडले, पण तुमच्यावर नाही. दादा घरमालकाला घेऊनच दारात आला. घरमालकाने हात जोडून विचारलं, बाई, खरं सांगा, करणी करता का? दादा एक शब्द बोलला असता तर मिटलं असतं. नाही म्हणावं तर खोली जाते, हो म्हणावं तर दगड. शेवटी म्हटलं, लग्न मोडलं ती माझी करणी, एकटी राहते तीही माझीच. दादाचा त्यात हात नाही. घरमालक उलट्या पावली जिना उतरला. दादा पाणीही न पिता गेला.

जिंकले वगैरे नाही हं. सूत देणाऱ्या बायका फिरकत नाहीत, बाजारातल्या दुकानाचं काम तेवढं टिकलंय. काल मात्र भरदुपारी एक अनोळखी बाई तोंड झाकून आली. मारणाऱ्या नवऱ्याचा हात बांधता येईल का, म्हणाली. मला तसलं काही येत नाही, असं सांगितलं, तरी उठेना. मग विचारलं, सूत पिळता येतं का. आज सकाळी कामाला आली.

अजून एक माणूस लागेल, वहिनी. खोली लहान आहे, पण कडी आतून लागते.

लोभ पत्रातून नको, आता स्वतःच घेऊन या.

तुमची नणंद