ठरावात नसलेला नळ

सावरटेक,
दि. १४ मार्च २००४

प्रिय सचिन,

सप्रेम नमस्कार. मी बरा आहे. तिकडे जामला ढाब्यावर तुझे जेवण वेळेवर होत असेल, अशी आशा करतो. दुसऱ्याला वाढणाऱ्याचेच राहून जाते.

हे पत्र तुझ्या आईने, मनकर्णाकाकूंनी, लिहायला सांगितले. काल मी घरपट्टीची बिले वाटायला तुमच्या टोलीच्या वस्तीत गेलो होतो. काकूंनी बिल घेतले, पट्टी कितीने वाढली ते विचारले, आणि मला पाणी दिले. ते त्या अजून शेतातल्या विहिरीवरून आणतात. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "घे रे, आज दोन खेपा जास्तीच्या मारल्या." मग म्हणाल्या, "सचिनले लिही, लोक आता कायी म्हणत नाई. येजो म्हणा."

लोक म्हणतात, सचिन. परवाच किराणा दुकानावर नत्थू म्हणाला, "टोलीचा नळ जामच्या ढाब्यावर वाहून राह्यला." सगळे हसले. मी साखर घेऊन निघून आलो.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली ती सभा मला रोज आठवते. भैयाजी सरपंचांना पाण्याच्या योजनेसाठी मोठे कर्ज हवे होते. रामाजींच्या बाजूला कर्जही नको होते आणि घरपट्टीची वाढही. दोन्ही बाजूंचे सदस्य सारखेच, मधे टोलीचा सदस्य तू एकटा. तूच तोड काढलीस, की कर्ज अर्धे घ्या, पट्टी थोडी वाढवा, बाकीचा खर्च कमी करा, पण टोलीची लाइन आधी टाका. त्या एका अटीवर तू वाढीला हात वर केलास. टोलीतल्या लोकांना पट्टी वाढणार हे तू स्वतः घरोघरी जाऊन सांगितलेस.

आपल्याकडे सह्या आधी होतात आणि ठराव मागून लिहिला जातो. सगळ्यांना घाई असते, आणि अक्षर माझे चांगले म्हणून लिहितो मी. तूही कोऱ्या पानावर सही केलीस.

मेच्या ग्रामसभेत ठराव वाचला, त्यात टोली नव्हती. खाली तुझी सही होती. तुझ्याच लोकांनी तुला विकलेला म्हटले. जाताना बसस्टँडवर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "त्यायनं तुह्या हातून लिहून घेतलं. तुले काय दोष देऊ?" मी तुझी पिशवी उचलून बसमध्ये ठेवली.

माझ्या हातून कोणी लिहून घेतले नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सभेनंतर भैयाजी कागद घेऊन माझ्याकडे आले होते. कर्ज अर्धे झाल्यामुळे खर्च बसत नव्हता. ते एवढेच म्हणाले, "कुठचं तरी एक काढून टाक. तूच पाय." आणि चहाला गेले. कोणी भांडणार नाही अशा दोनच गोष्टी यादीत उरल्या होत्या. टोलीची लाइन आणि शिपायाचा पगार. शिपाई म्हणजे मी. नववीपर्यंत शिकलेल्याला दुसरीकडे कोण ठेवणार, हा विचार मी केला. तू पान पुन्हा उघडून बघणार नाहीस, हाही केला. मग टोली गाळून ठराव स्वच्छ अक्षरात उतरवला. भैयाजींनी आल्यावर वाचलासुद्धा नाही.

आता मी कायम झालो आहे. कर्ज दहा वर्षांचे आहे. ते फिटेपर्यंत नवी लाइन मागू नका, असे भैयाजींनी टोलीला सांगून टाकले. पट्टी मात्र त्यांनाही सारखीच, आणि ती वसूल करायला जातो मी.

काकूंना मी निरोपापुरतेच वाचून दाखवले. ये म्हणायचे तोंड मला नाही, पण त्यांनी सांगितले ते मी लिहिले आहे.

हे पत्र जपून ठेव. तक्रार केलीस तर याच्यासकट सरळ वर्ध्याला जिल्हा परिषदेत पाठव. ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवू नकोस. तिथली डाक मी उघडतो, आणि माझा मला भरवसा राहिलेला नाही.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क नसलेला,
धीरज