खुर्ची येर्गला देण्याआधी

तीर्थरूप गॉटलोब मामांच्या सेवेशी,
फ्रीडेमानचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? थंडी उतरली की आधी डावा कुरकुरतो आणि मग उजवा त्याला साथ देतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी डाव्याची चौकशी करतो. कोंबड्या बऱ्या असतील. यंदाची सफरचंदाची दारू पिंपात नीट आंबली असेल, आणि 'अजून कोवळी आहे' असे म्हणत म्हणत तुम्ही निम्मी चाखून संपवली असेल, अशी आशा आहे. मी देवाच्या कृपेने खुशाल आहे. इथे खाली नेकार नदीकाठी आपल्या डोंगरासारखी बोचरी थंडी नाही, धुके मात्र फार. सकाळी वर्गाला निघालो की पूल दिसत नाही. पाय टाकला की लागतो. (या वाक्यावर एक प्रवचन होईल असे वाटून गेले, पण आवरतो. नाहीतर तुमच्या बोटाची टकटक इथवर ऐकू येईल.)

परवा डोरोथेआताईचा फोन आला होता. बोलता बोलता ती सहज म्हणाली (तिचे 'सहज' तुम्हालाही माहीत आहे, ते आठवडाभर शिजत असते) की रविवारी दुपारी बंधुमंडळात माझ्या रिकाम्या खुर्चीवरून बोलणे निघाले, आणि तुम्ही म्हणालात, "तिथं शिकायला गेलेला माणूस परत आला, तरी गेला होता तो येत नाही. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की खुर्ची येर्गला देऊन टाकू." मामा, खुर्ची मंडळाची आहे. ती कुणाला द्यायची हे ठरवणे तुमच्या हाती. येर्ग भला माणूस आहे, दुधात पाणी घालत नाही, आणि शास्त्रवाचन चालू असताना घोरतो तेही अगदी नम्रपणे. तेव्हा खुर्चीबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. इकडची हकिगत तुम्हाला कळावी, एवढ्याचसाठी लिहायला बसलो आहे.

पन्नाशीला टेकलेला सुतार विद्यापीठात धर्मशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरला म्हणजे काय होते, ते आधी सांगतो. काहीच होत नाही. मी दारातून आत गेलो तेव्हा मुलांनी मला वाट करून दिली आणि एकाने अदबीने विचारले, "तिकडची खिडकी नीट लागत नाही, आज बघाल का?" मी पाहिली. बिजागरी सैल होती. ती आवळून मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो आणि वही काढली, तेव्हा मागे जी शांतता पसरली तशी आपल्याकडे फक्त दफनाच्या वेळी असते. शेजारी स्वान्त्ये नावाची मुलगी होती. उत्तरेकडची, समुद्राकाठची, केस मुलासारखे कापलेले. ती म्हणाली, "काका, उस्ताद सुताराच्या परीक्षेवर इथं प्रवेश मिळतो हे मला माहीत होतं, पण कुणी खरंच घेतो हे माहीत नव्हतं." मी तिला विचारले, तू पास्टर होणार का? तर म्हणते, "अजून देव आहे की नाही तेच ठरत नाहीये. ते ठरलं की बघू." मामा, मी हादरलो. आपल्याकडे लोक आधी विश्वास ठेवतात आणि मग शिकायला घाबरतात. ही आधी शिकायला आली आहे. पण मुलगी मनाने निर्मळ आहे. खानावळीत मसुराच्या उसळीवर व्हिनेगर घालायला देत नाहीत (होय, अशाही ठिकाणी लोक देवाचे नाव घेतात), तर ती माझ्यासाठी घरून एक छोटी बाटली भरून आणते.

आता मुख्य फजिती. पहिला तास हेल्डमायर बाईंचा. प्राध्यापक आहेत, वयाने माझ्याच आसपास, आवाज हळू, चष्मा सतत कपाळावर आणि शोध सतत चष्म्याचा. त्यांनी पवित्र शास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांवर व्याख्यान दिले. ही पुस्तके एका हातची नाहीत, दोन-तीन जुन्या हकिगती एकत्र जोडलेल्या आहेत, असे त्या म्हणाल्या. मी पेन्सिल खाली ठेवली, पण बाई बोलत होत्या प्रामाणिकपणे, जपून, घरातली म्हातारी माणसे जुनी काचेची भांडी उतरवतात तशा. व्याख्यान संपले. आणि संपताक्षणी, मामा, सगळ्या वर्गाने बोटांची पेरे बाकावर आपटायला सुरुवात केली. टकटक, टकटक, टकटक! अख्खे दालन!

माझ्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या मंडळात तुमचे मधल्या बोटाचे पेर एकदा टेबलावर वाजले की बोलणारा कुणीही असो, तो भरकटला असे समजून अर्धे वाक्य तोंडात ठेवून खाली बसतो. (नव्या पास्टरांवर पहिल्यांदा टकटक झाली तेव्हा ते दाराकडे बघून "या, आत या" म्हणाले होते, ते आठवते का? कोहलबाखरच्या म्हातारीने तोंडात रुमाल कोंबला होता.) आणि तिथे तर एक पेर, इथे शंभरभर पोरे एका सभ्य बाईला तोंडावर सांगत होती, बस झाले, खाली बसा! बाई तर चक्क हसून कागद आवरत होत्या. मला वाटले, केवढा हा संयम. मला त्यांचे म्हणणे पटले नव्हते, पण म्हणून काय माणसाचा असा अपमान करायचा? मुले पांगल्यावर मी पुढे गेलो, टोपी हातात घेतली आणि म्हणालो, "बाई, मनाला लावून घेऊ नका. पोरं आहेत. इतकं काही वाईट नव्हतं."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझ्याकडे पाहिले. मग हळूच विचारले, "तुमच्याकडे टकटक कशासाठी करतात?" मी सांगितले. त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. विद्यापीठात, मामा, व्याख्यान आवडले की टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारले, "मग आवडलं तर काय करता?" मी म्हणालो, "गप्प बसतो. स्तुती केली की बोलणारा बिघडतो." त्या म्हणाल्या, "असं कुणी माझ्यासाठी एकदा तरी गप्प बसायला हवं होतं." हे सगळे दाराशी उभी राहून स्वान्त्ये ऐकत होती. त्या दिवसापासून मी खानावळीत ताट घेऊन बसलो की आमच्या टेबलावरची पोरे मंद टकटक करतात. मी उठून वाकून सलाम करतो. दुसरे काय करणार?

पण तुमची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. ते जोडकामाचे डोक्यात शिरल्यावर काही आठवडे माझी अवस्था वाईट होती. प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द येण्याआधी त्यांचे वय आठवायचे. हा जुना, हा मागाहून घातलेला, हा कुणा तिसऱ्याचा. देवाशी बोलायला बसावे आणि हातात सोललेली कांद्याची सालेच उरावीत, तसे. मग एका शनिवारी माझ्या दारावर जिना झाडण्याच्या पाळीची पाटी लागली. (ती पाटी इथेही आहे, आणि घरमालकीण बाई आपल्या ताईपेक्षा कडक आहेत, कठड्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवून बघतात.) पुसता पुसता माझा हात कठड्याच्या एका सांध्यावर थांबला. जुने ओक, कुणी तरी दोन वेगळ्या झाडांचे तुकडे असे बसवले होते की वरून उतरणाऱ्या माणसाचा हात कुठेच अडखळू नये. आयुष्यभर मी हेच करत आलो, आणि सांधा दिसला म्हणून कठडा खोटा असे कधी मनात आले नव्हते. तिथेच फडके हातात धरून, वरून दुसरी पायरी, मला पुन्हा प्रार्थना करता आली. फार काही नाही. "प्रभू, मी इथे आहे," एवढेच.

हा शोध मला इतका आवडला की मी तो घेऊन वर्गावर्गांत हिंडू लागलो. जिथे तिथे सांधे दाखवायचो. अखेर हेल्डमायर बाई म्हणाल्या, "श्टोट्स महाशय, काही लाकडं अखंडही असतात हो." स्वान्त्येने बाक वाजवला. तेव्हापासून तोंडाला खिळा ठोकून बसतो.

मागच्या आठवड्यात वर्गापुढे बोलायची माझी पाळी होती. एक विलापाचे स्तोत्र वाट्याला आले होते. देवाने तोंड फिरवले आहे आणि भक्त विचारतो आहे, किती काळ? तयारी भरपूर केली होती, पण उभा राहिल्यावर टिपणे बाजूला राहिली. मी एवढेच सांगितले, की या माणसाला उत्तर मिळालेले दिसत नाही, आणि तरी त्याने विचारायचे सोडलेले नाही; आणि ज्यांनी ही पुस्तके जोडली त्यांनी हा प्रश्न तासून काढला नाही, तसाच ठेवला. मागून कुणी तरी विचारले, "मग उत्तर काय?" मी म्हणालो, "मला माहीत नाही," आणि खाली बसलो.

टकटक झाली नाही. एकही पेर वाजले नाही. मला वाटले, संपले; येर्गला खुर्ची आणि मला परतीची गाडी. मान खाली घालून वही आवरली. बाहेर जिन्यावर स्वान्त्येने मला गाठले आणि म्हणाली, "अहो काका, रडवेले काय होताय? तुमच्याकडची रीत पाळली आम्ही. आणि पाळा म्हणून कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं."

असो. पत्र लांबले. ताईला, शेजाऱ्यांना आणि घोरणाऱ्यासह सर्व बंधूंना सलाम. गुडघ्यांना ऊन लोकरीचे फडके बांधत जा.

तुमचा भाचा,
फ्रीडेमान

ता. क. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी गावी येत आहे. दुपारी मंडळात येईन. जागा नसली तर दाराशी उभा राहीन. मला उभ्याने ऐकायची सवय आहे.

ता. क. दुसरा. खुर्चीबद्दल लिहिणार नाही म्हणालो होतो, ते पाळायचा प्रयत्न केला. पण मामा, उन्हाळ्यात मी कारखाना बंद करून शिकायला जातो असे उभा राहून सांगितले, तेव्हा तुम्ही टकटक केलीत आणि मी रीतीप्रमाणे बसलो. माझे वाक्य अर्धे राहिले. ते इथे पुरे करतो. मामींची शवपेटी मी तुमच्या ओसरीवर जोडत होतो तेव्हा तुम्ही जवळ आलात आणि आजूबाजूला कुणी नाही असे पाहून मला विचारलेत, "फ्रीडेमान, ती आत्ता कुठं असेल रे?" सगळ्या मंडळाला ज्यांनी चाळीस वर्षे उत्तरे दिली, त्यांनी मला विचारले. मी झाकण बसवले. हे मी कुणालाही सांगितलेले नाही, ताईलासुद्धा नाही. 'मी शिकायला जातो आहे, कारण...' याच्या पुढे ते होते. उत्तर अजून सापडलेले नाही. हेल्डमायर बाईंनाही ठाऊक नाही, मी विचारले. पण त्या प्रश्नापाशी तुमच्या शेजारी बसायला मला आता भीती वाटत नाही, आणि बसायला खुर्ची लागते.

ता. क. तिसरा. येर्गला खुर्ची दिलीच असेल, तर त्याला ताबडतोब उठवा. मंडळातल्या सगळ्या खुर्च्या मी दुरुस्त करत आलो, माझी तेवढी राहिली. मागचा डावा पाय ढिला आहे. मला तोल सांभाळून बसायची सवय आहे, पण झोपलेल्या माणसाला ते जमायचे नाही. दुसऱ्या कुणाला पाय बसवू देऊ नका. सरस मी घेऊन येतो.